माईक माझ्या हातात होता

आईला खुर्चीवरून उठवलं तेव्हा माईक माझ्या हातात होता.

शनिवार होता. सकाळची शाळा. नेवासे तालुक्यातल्या आमच्या गावच्या हायस्कूलचं पटांगण, त्यावर मांडव. पुढं पांढरी कव्हरं घातलेल्या खुर्च्यांची एकच ओळ. मागं सगळी पोरं ताडपत्रीवर. स्टेजवर संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना अख्खं गाव अण्णा म्हणतं. त्यांच्या शेजारी मुख्याध्यापक. आणि मी. मागच्या बॅनरवर माझा फोटो, खाली लिहिलेलं, ‘परदेशात इंग्रजी शिकवणारी आपल्या शाळेची कन्या’.

आई त्या ओळीत कडेच्या खुर्चीवर होती. मीच बसवलं होतं. ती म्हणत होती, "मी खाली पोरींत बसती, मला तिथंच बरं वाटतं." मी ऐकलं नाही. दंडाला धरून तिला खुर्चीवर ठेवलं. म्हणाले, "माझी आई आहेस तू. पुढंच बसायचं."

माझं भाषण सुरू झाल्यावर अण्णांच्या घरच्या बायका आल्या. खुर्च्या भरलेल्या. एक सर धावत आले आणि आईजवळ वाकले. स्टेज काही लांब नव्हतं. मला सगळं ऐकू आलं.

"मावशी, जरा मागं सरका. इथं घरच्या बाया बसणारेत."

"माझी पोरगी हाय ती वर."

"हाय ना. मागून पण दिसती."

आई उठली. डोक्यावरचा पदर सारखा केला. पोरींत बसायलाही आता वाट नव्हती, म्हणून मांडवाच्या खांबाशी जाऊन उभी राहिली. तिच्या खुर्चीवर दुसरं कोणी बसलं.

‘एक्सक्यूज मी’ कुठं म्हणायचं आणि ‘सॉरी’ कुठं, हे मी पोरांना सांगत होते. मी वाक्य पूर्ण केलं. त्याच्यापुढचंही केलं. मग मराठीत म्हणाले, "माझं इंग्रजी ह्याच शाळेच्या मातीत रुजलं." हे खोटं होतं. जोरात टाळ्या पडल्या. अण्णांच्या पत्नी स्टेजवर आल्या, त्यांनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं. मी कपाळ पुढं केलं.

आम्ही ख्रिस्ती आहोत. आई कुंकू लावत नाही, मीही नाही. कुंकवाशी आमचं वैर नाही. पण मला कुणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. आई खांबाशी उभी राहून बघत होती.

*

आमची जात महार. माझ्या आजोबांच्या वडलांनी बाप्तिस्मा घेतला. वस्तीत छोटं चर्च आहे, पत्र्याचं. म्हणून आम्ही वस्तीला चर्चवस्ती म्हणतो. गाव अजून महारवाडाच म्हणतं.

मी त्या शाळेत सातवीपर्यंत होते. एकदा इंग्रजीच्या तासाला सरांनी धडा वाचायला सांगितला. घरी आमच्या चर्चच्या पाळकांच्या बायकोनं शिकवलं होतं, म्हणून मी न अडखळता वाचला. सर म्हणाले, "वा! दूधपावडर अंगी लागली म्हणायची." वर्ग खदखदून हसला. दुष्काळात मिशननं पावडर वाटली आणि तुम्ही बाटलात, असा त्याचा अर्थ. त्या दिवसापासून माझं नाव ‘पावडर’ पडलं. पाणी प्यायला गेले की पोरं ओरडायची, "पावडर आली, घोळून पी!"

मी घरी येऊन रडले. दुसऱ्या दिवशी आई कांद्याच्या रानातून तशीच शाळेत आली. पायाला चिखल. ऑफिसच्या दारात उभी राहिली.

"सर, हिचा दाखला द्या."

"अगं, गंमत केली पोरीची."

"आमाला न्हाई कळत असली गंमत. दाखला द्या."

वडील नव्हते. घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं. तरी तिनं मला नगरला मिशनच्या वसतिगृहात नेऊन ठेवलं. तिथल्या बाई रोज पहाटे आम्हाला इंग्रजी बायबल मोठ्यानं वाचायला लावायच्या. चुकलं तर परत. त्या कधी हसल्या नाहीत. माझं इंग्रजी तिथलं आहे. पाळकांच्या बायकोचं, त्या बाईंचं, आणि चिखलाच्या पायानं दारात उभ्या राहिलेल्या माझ्या आईचं.

*

मी थायलंडच्या उत्तरेला एका गावात शिकवते. गाव आपल्या कोपरगावएवढं असेल. सकाळी झेंड्यासमोर पोरं उभी राहतात, राष्ट्रगीत होतं, मग हात जोडून बुद्धाची प्रार्थना म्हणतात. मीही उभी असते. मनात आमची प्रभूची प्रार्थना म्हणते. कुणी माझ्या तोंडाकडं बघत नाही. वर्गाबाहेर सगळ्यांचे बूट काढलेले, माझेसुद्धा. पोरं मला ‘टीचा’ म्हणतात, शेवटचा ‘र’ त्यांना जमत नाही.

तिथंही सगळं गोड नाही. शाळेच्या फाटकावर एका गोऱ्या मास्तराचा मोठा फोटो आहे. तो कधीच सोडून गेला. फोटो ठेवलाय, कारण आईबापांना इंग्रजीचा मास्तर गोरा लागतो. एक आई मला बघून मॅनेजरला म्हणाली होती, "खरी टीचर कधी येणार?" मी हसून सोडलं. मला सवय होती. हसून सोडायची सवय घेऊनच मी तिथं गेले होते.

पण रविवार वेगळा. तिथं छोटं चर्च आहे. त्यालाही पत्राच. डोंगरातले गरीब लोक येतात. गाणी त्यांच्या भाषेत, पण काही चाली आई म्हणते त्याच. पहिल्या रविवारी भक्ती झाल्यावर सगळे चटईवर जेवायला बसले. मोठ्या पातेल्यातून एक म्हातारी भात वाढत होती. माझ्याजवळ आली तेव्हा मी ताट दोन्ही हातांनी लांब धरलं. भांड्याला भांडं लागू नये म्हणून. लहानपणी आईबरोबर लोकांच्या रानात गेले की असंच धरायचे, मालकीण वरून वाढायची. इतकी शिकले, विमानात बसले, तरी हात ते विसरले नव्हते. म्हातारीला काही कळेना. तिनं माझं मनगट धरलं, ताट ओढून पातेल्याला टेकवलं आणि भात घातला.

आईला हे व्हिडिओ कॉलवर सांगितलं. ती नुसतं म्हणाली, "देवमानूस हाय ती. तिला माझा जयख्रिस्त सांग."

रोजचं आमचं बोलणं ठरलेलं. "जेवलीस का? भक्तीला गेल्तीस का?" मी तिकडून सांगायचे, इथं जात कुणी विचारत नाही. आई, तूही ताठ राहा. कुणाला घाबरू नकोस. पुढं बसत जा. तिकडं बसून मी तिला ताठपणा शिकवत होते. तो मला कुणी दिला, हे विसरून.

*

ऑक्टोबरच्या सुट्टीत घरी आले आणि चौथ्या-पाचव्या दिवशी मुख्याध्यापक आमच्या दारात. आमच्या वस्तीत ते पहिल्यांदाच आले असावेत. मोटरसायकल बंद केली, पण खाली उतरले नाहीत.

"मॅडम, शनिवारी तुमचा सत्कार. आणि सोमवारपासून आठवडाभर आपल्या पोरांसाठी स्पोकन इंग्लिशचं शिबिर घ्या. गावाची पोरगी तुम्ही."

आई चहा घेऊन आली.

"नको, आज उपवास आहे."

"चहा चालतो की उपासाला," आई हळू म्हणाली.

ते हसले. कप तसाच राहिला. निघताना आवाज खाली आणून मला म्हणाले, "भाषणात ते मिशन, चर्च वगैरे नको. वातावरण तुम्हाला माहितीये. उगाच कुणाच्या मनात यायचं."

मी म्हणाले, "हो सर."

इतक्या सहज म्हणाले. मला ‘मॅडम’ म्हटलं होतं त्यांनी. ज्या शाळेनं पावडर म्हटलं ती आता मॅडम म्हणत होती. मला ते ऐकायचं होतं. भूक होती त्याची. आईनं गार झालेला चहा उंबऱ्याबाहेर ओतला.

*

शनिवारी सत्कारानंतर घरी आलो. मी मोरीत कपाळ घासत बसले. साबण लावला, तरी तांबूस डाग राहिला. आईनं मागून येऊन बघितलं.

"लई घासू नको. कातडी निघंल."

मी म्हणाले, "आई, त्यांनी तुला उठवलं ते चुकलंच. मी बोलते मुख्याध्यापकांशी."

ती चुलीपुढं बसली. भाकरी थापत म्हणाली, "उठवलं त्याचं मला काय न्हाई. ते उठवत्यातच. आमचा जलम गेला उठण्यात. तू थांबली न्हाईस, त्याचं वाटलं."

एवढंच. आवाज चढवला नाही. भाकरी तव्यावर टाकली. मला वाटलं तिनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

मी विचार करत होते, मला भीती कशाची होती? अण्णा मला काय करणार होते? माझी नोकरी त्यांच्या हातात नव्हती. मला त्यांच्या रानात कामाला जायचं नव्हतं. आईला दाखला मागताना सगळ्याची भीती होती, तरी तिनं मागितला. माझ्याकडं गमवायला काही नव्हतं. फक्त टाळ्या होत्या. त्यासाठी मी बोलत राहिले.

दुसऱ्या दिवशी रविवार. भक्तीत पाळक म्हणाले, "आपली मुलगी परदेशातून आली आहे. देवानं तिच्यासाठी काय केलं, त्याची साक्ष देईल." सगळे आनंदानं बघायला लागले. विमानाचं, शाळेचं, पगाराचं ऐकायचं होतं त्यांना. मी उभी राहिले आणि शनिवारचं सांगितलं. खुर्चीचं, माईकचं, कपाळाचं. मी काय खोटं बोलले तेही. म्हणाले, "उद्या शाळेत जाऊन मी हे सगळ्यांसमोर बोलणार आहे."

कुणी ‘आमेन’ म्हटलं नाही. शांतवनकाका, आमच्या चर्चचे वडीलधारे, काठी टेकत उठले.

"पोरी, तू बोलशील आन् इमानात बसून जाशील. आमाला हितंच ऱ्हायचंय. आमची लेकरं त्याच शाळेत हायती. बाया अण्णाच्या रानात कांदा लावायला जात्यात. त्यांचं कसं?"

ते खरं होतं. कांदा लावायला जाणाऱ्या बायकांची टोळी मार्थामावशी चालवते. ती समोर बसली होती. माझ्याकडं बघत होती. मला वाटलं, गप्प बसावं. मी आधीच एकीला उभं केलं, आता सगळ्या वस्तीला उभं करणार. हेही पापच.

घरी येऊन आईला विचारलं, "तूच सांग. काय करू?"

"मला खुर्ची नको. माफी पन नको. काल तू पोरांपुढं खोटं बोललीस. ते तेवढं खरं कर."

"आणि मार्थामावशीचं काम गेलं तर?"

आईनं चुलीत एक लाकूड सारलं. मग म्हणाली, "जाईल. ते तुला झेपलं पायजे."

*

सोमवारी मी आईला घेऊन शाळेत गेले. मोठ्या वर्गात नववी-दहावीची पोरं, सगळे शिक्षक, अण्णा उद्घाटनाला. मला पुढं खुर्ची. आईला आज खुर्ची दिली होती, दाराजवळ. ती बसली नाही. माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

माईक दिला तो मी टेबलावर ठेवला. पोरांना म्हणाले, "शनिवारी मी तुमच्याशी खोटं बोलले. माझं इंग्रजी ह्या शाळेत रुजलं नाही. ह्या शाळेत मी धडा बरोबर वाचला म्हणून सरांनी मला दूधपावडर म्हटलं. ही माझी आई. हिनं माझा दाखला काढला. नगरच्या मिशनच्या वसतिगृहात मी शिकले. आम्ही महार. आम्ही ख्रिस्ती. शनिवारी ह्याच शाळेत माझ्या आईला खुर्चीवरून उठवलं आणि मी बघत भाषण करत राहिले. उठवणाऱ्याची चूक आहे. माझीही आहे."

आईला उठवणारे सर खिडकीबाहेर बघत होते.

अण्णा शांतपणे म्हणाले, "मॅडम, जुनं कशाला उकरून काढता?"

"जुनं नाही, अण्णा. परवाचं आहे."

"पोरांपुढं जातीपातीचं बोलू नये. शाळा आहे ही."

"म्हणूनच बोलले."

मुख्याध्यापक घाईनं उठले. "मॅडमची तब्येत बरी नाही. शिबिर पुढं ढकलू."

मी म्हणाले, "माझी तब्येत बरी आहे. शिबिर आज संध्याकाळी सुरू होईल. आमच्या चर्चच्या पडवीत. ज्याला इंग्रजी शिकायचंय त्यानं यावं. सगळ्यांना बसायला एकच चटई असेल."

आम्ही निघालो. फाटकापाशी ती म्हणाली, "तान लागली मला." शाळेच्या नळाला तोंड लावून पोटभर पाणी प्याली. कुणी काही म्हटलं नाही.

*

ही काही जिंकल्याची गोष्ट नाही. संध्याकाळी पडवीत फक्त आमच्या वस्तीची पोरं आली. शांतवनकाकांनी स्वतःच्या नातवंडांना पाठवलं नाही. तिसऱ्या दिवशी गावातल्या दोन मुली आल्या, नववीतल्या. मागं बसल्या, भरभर लिहून घेत होत्या. त्यातल्या एकीचा बाप मोटरसायकलवर आला. बाहेरूनच म्हणाला, "ऊठ. घरी चल." ती उठली. दुसरी बसून राहिली, पण त्या दिवशी तिच्या तोंडून एक वाक्य निघालं नाही.

आणि त्याआधीच, मंगळवारी सकाळी, अण्णांचा टेम्पो मार्थामावशीच्या टोळीला न्यायला आला नाही. बायका डबे बांधून रस्त्यावर उभ्या होत्या. ऊन वर आल्यावर परत आल्या. मी दारात होते. मार्थामावशी माझ्यासमोरून गेली. लहानपणी तिनं मला कडेवर घेतलेलं. ती म्हणाली, "झालं समाधान?"

मी तिच्या घरी गेले, तिनं पाणी दिलं, बोलली नाही. तिचं बरोबर आहे. टोळीला पुढं शेजारच्या गावात काम मिळालं, पण चालत जावं लागतं. ते चालणं माझ्या नावावर आहे.

थायलंडला परत आले. पहिल्या रविवारी चर्चला गेले. पापक्षमेची प्रार्थना मला मराठीत पाठ आहे, इंग्रजीत पाठ आहे, आता त्यांच्या भाषेतही येते. ती म्हटली की हलकं वाटतं. लहानपणापासून वाटत आलंय. त्या दिवशी सगळ्यांनी म्हटली, मी म्हटली नाही. मला हलकं व्हायचं नव्हतं. देव माफ करील, तो करतोच. पण मला माफी घेऊन पुन्हा जुन्या जागी जाऊन बसायचं नव्हतं. मॅनेजरला मी सांगितलं, पुन्हा कुणी आईबाप ‘खरी टीचर’ विचारायला आले की मला बोलवा, मीच उत्तर देईन. तो गडबडला. दोनदा बोलावलं त्यानं. मी गेले.

गेल्या आठवड्यात आईचा फोन आला. मुख्याध्यापक पुन्हा दारात आले होते. ह्यावेळी मोटरसायकलवरून उतरले, पण उंबरा ओलांडला नाही. दोन-चार पालक विचारतायत म्हणे, पुढच्या सुट्टीत मॅडम शिबिर घेतील का. शाळेत घ्या. फक्त इंग्रजी शिकवा, बाकीचं नको.

आईनं विचारलं, "काय सांगू?"

मी म्हणाले, "सांग, येणार आहे. शाळेतच घेईन. पण पहिल्या दिवशी मी कोण ते सांगीन, मग इंग्रजी. ते चालत नसेल तर पडवी आहे."

"शेजारच्या गावात बी अण्णाचाच शब्द चालतो. मार्थाचं काम पुन्यांदा जाईल."

"जाईल. पहिल्या दिवशी मी तिच्या दारात जाईन. ती बोलली नाही तरी जाईन. तिच्या मजुरीचं ओझं माझ्यावर आहे, ते मी वागवीन. पण मी गप्प बसायचं आणि त्याच्या बदल्यात तिला काम, हा सौदा अण्णांशी मी करणार नाही."

पलीकडून आई म्हणाली, "ऐक. हे फोनवर मला नको सांगू. आल्यावर मार्थाच्या तोंडावर सांग."

सांगीन. तोंडावरच सांगीन.